पंचांगाबाहेरची संक्रांत

भूगोलाच्या मास्तराने पृथ्वी फिरते एवढं मुलांना सांगावं आणि गप्प बसावं. तिच्या फिरण्यातून घरचा फायदा काढायला जाऊ नये. महाडच्या कमलाकर मास्तरांना हे शहाणपण आलं, पण यायला फार उशीर झाला. तोवर त्यांचं धोतर हळदीत बुडालं होतं, डोक्यामागे सूप बांधलेलं होतं आणि परसात पोलीस उभे होते.

मुळात गोष्ट होती एका काळ्या लुगड्याची. मास्तरांचं लग्न ज्येष्ठात झालं आणि श्रावणात त्यांचे भाऊकाका वारले. आईबापांमागे मास्तरांना वाढवलं ते भाऊकाकांनीच. काकांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा अग्नी दिला तो मास्तरांनी, आणि घरात वर्षभर सण बंद झाले. दसऱ्याला दाराला तोरण लागलं नाही, दिवाळीत पणती लागली नाही, आणि मास्तरांचा दिवाळसण तर बोलण्यातही निघाला नाही. त्यांची नवी बायको कालिंदी याबद्दल चकार शब्द बोलली नाही. ती मूळचीच समजूतदार. शिवाय नव्या नवरीला समजूतदारपणाखेरीज दुसरं काही करायला फारसा वाव नसतो.

पण एका दुपारी तिने ट्रंक उघडून आईने दिलेली चंद्रकळा उन्हात टाकली. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेने काळी चंद्रकळा नेसायची, अंगभर हलव्याचे दागिने घालायचे, बिंदीपासून बाजूबंदापर्यंत सगळे पांढऱ्याशुभ्र साखरेचे, आणि आळीतल्या बायकांनी कौतुक करायचं. हे आयुष्यात एकदाच. दुसऱ्या वर्षापासून सुनेला तिळगूळ मिळतो, कौतुक मिळत नाही. कालिंदीने चंद्रकळेला ऊन दाखवलं, संध्याकाळी नीट घडी घातली आणि ट्रंकेत अगदी तळाशी ठेवून दिली. ओटीवर वह्या तपासत बसलेल्या मास्तरांनी हे पाहिलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. इतकं, की हिंदुस्थानची राजधानी कलकत्ता असं लिहिणाऱ्या मुलाला त्यांनी त्या भरात पैकीच्या पैकी गुण दिले.

आता सरळ मार्ग म्हणजे ठकूबाईंना विचारणं. ठकूबाई म्हणजे भाऊकाकांच्या पत्नी, मास्तरांच्या काकू. आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेली ही बाई घरात कधी आवाज चढवून बोलत नसे, कारण तशी वेळच कुणी येऊ देत नसे. वर्गात चाळीस पोरं नजरेच्या धाकात ठेवणारे मास्तर काकूंसमोर उभे राहिले की त्यांचं वय झपाझप कमी होत जाई आणि साधारण मुंजीच्या सुमारास येऊन थांबे. त्यामुळे सरळ मार्ग त्यांनी विचारातच घेतला नाही. वाकडा शोधला.

तो त्यांना फळ्यावर सापडला. मकरवृत्त काढता काढता त्यांचा खडू थांबला. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो बावीस डिसेंबरला. पंचांगातली संक्रांत येते जानेवारी अर्धा सरत आल्यावर. म्हणजे आकाशातली खरी संक्रांत आधीच होऊन जाते आणि पंचांगाला त्याचा पत्ताही नसतो. जे पंचांगात नाही तो सण नव्हे, आणि जो सणच नव्हे त्याला दुखवट्याची आडकाठी कुठून असणार? असा मुद्दा एखाद्या वकिलाला सुचला असता तर त्याने चार जणांना विचारून पाहिलं असतं. मास्तरांनी कुणालाही विचारलं नाही. ते घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होते आणि वाटेत दोघा पालकांनी त्यांना वळून पाहिलं.

कालिंदीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की चंद्रकळा नेसून हलवा घातला की ती संक्रांतच दिसणार, त्याचं काय. मास्तरांकडे उत्तर तयार होतं. ती त्या दिवशी कालिंदी नव्हेच. ती रात्र. वर्षातली सर्वांत मोठी रात्र. काळं लुगडं म्हणजे अंधार आणि हलव्याचे दागिने म्हणजे तारे. ते स्वतः होणार सूर्य, मकर करायचा पुठ्ठ्याचा, आणि हा सगळा झाला भूगोलाचा घरगुती प्रयोग. कालिंदी हसली. श्रावणानंतर ती इतकी मोकळी पहिल्यांदाच हसली असेल. मास्तरांनी ते हसणं होकार समजून खिशात टाकलं.

योगही जुळून आला. ठकूबाई दत्तजयंतीसाठी पोलादपूरला भावाकडे निघाल्या आणि उत्सव उरकूनच येईन म्हणाल्या. दत्तजयंती बावीस तारखेनंतर. मास्तरांनी त्यांना सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं, गाठोडं पायाशी ठेवलं आणि मोटार वळणाआड जाईपर्यंत पुतण्याला शोभेल असा चेहरा ठेवला.

हलव्याला तीळ आणि साखर हवी. महाडच्या वाण्याकडे घ्यावी तर दुखवट्याच्या घरात तीळसाखर कशाला, असा प्रश्न दुकानातच निघायचा आणि काकू परत आल्या की त्यांच्या स्वागताला जायचा. म्हणून मास्तर रविवारी मोटारीने पोलादपूरला गेले आणि सामान तिथून आणलं. काकूंच्या भावाची आळी टाळण्यासाठी ते बाजाराला वळसा घालून एका कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. त्या वाण्याची मागची भिंत काकूंच्या भावाच्या घराला लागून होती. अक्षांश-रेखांश येणाऱ्या माणसाला आळ्या आणि बोळ यांचं ज्ञान असतंच असं नाही.

हलवा करणं हे काम पाहायला सोपं असतं. निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, वरून चमचा चमचा पाक आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. प्रत्येक तिळाला पांढरा काटा फुटला पाहिजे. मास्तरांच्या तिळाला काटा फुटला नाही. बोटांना फोड आले. पुन्हा पाक केला तर तीळ एकमेकांना असे चिकटले की परातीतून निघेनात, आणि निघाले ते एकत्र, परातीच्या आकाराचे. कालिंदीने सुचवलं की हा सूर्यालाच छातीवर बांधावा. मास्तरांना हा विनोद आवडला नाही. शेवटी साळीच्या लाह्या सुईदोऱ्यात ओवून दागिने करायचं ठरलं. लाह्या पांढऱ्या असतात, हलक्या असतात आणि लांबून ताऱ्यासारख्या दिसतात, असं मास्तर म्हणाले. कालिंदीने ओवायला घेतल्या, पण त्या दिवशीचं हसू चेहऱ्यावर राहिलं नव्हतं.

पाकाचा वास मात्र कुंपण ओलांडून गेला. कुंपणापलीकडे दत्तोपंत राहत. दत्तोपंतांनी सारा जन्म कचेरीत कारकुनी केली आणि आता पेन्शन खात असले तरी त्यांची चौकशी करण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. ते आले, परात पाहिली, सूप पाहिलं, हळदीत बुडवलेलं धोतर पाहिलं आणि मास्तरांना सगळं सांगावं लागलं. दत्तोपंतांनी गुप्तता पाळायचं कबूल केलं, पण दोन अटींवर. एक, पुठ्ठ्याचा मकर करायचा नाही. मकर ते स्वतः होणार, कारण तरुणपणी त्यांचं गावच्या नाटकात काम करायचं राहून गेलं होतं. दोन, सगळं रीतसर व्हायला पाहिजे. अंगणात सोंग घेऊन उभं राहिलं की ते नाटक, आणि नाटकाला परवाना लागतो.

मास्तर म्हणाले, घरातल्या घरात कसला परवाना. दत्तोपंतांनी त्यांच्याकडे कीव करून पाहिलं. त्या दिवसांत माणसांचा घोळका दिसला की कचेरीला धडकी भरत असे, कधी मिठाच्या, कधी तळ्याच्या सत्याग्रहावरून. तेव्हा मास्तर कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं की हे नाटक आहे, तमाशा आहे की धार्मिक उत्सव. धार्मिक म्हणावं तर तिथी दाखवा, आणि तिथी पंचांगात नव्हती. तमाशा म्हणायला मास्तरांची जीभ वळेना. नाटक म्हणाले, तर कारकुनाने कथानक विचारलं. मास्तरांनी थोडक्यात सांगितलं: रात्र येते, सूर्य मावळायला लागतो. कारकुनाने टाक खाली ठेवला.

"मास्तर, सूर्य मावळणार असेल तर साहेबांना विचारावं लागेल. ह्या राज्यात तो मावळत नाही."

मास्तरांनी विनवलं की मावळतो आणि लगेच वळतो. कारकून म्हणाला, वळतो म्हणजे कुठल्या बाजूला, तेही साहेबच ठरवतील. साहेब रोह्याच्या बाजूला दौऱ्यावर होते. मास्तर परवान्याशिवाय परत आले आणि दत्तोपंतांना म्हणाले की तोंडी परवानगी मिळाली. मास्तर एरवी खोटं बोलत नसत, म्हणून त्यांना ते जमलंही नाही. पण मकराचं काम हातचं जाईल या भीतीने दत्तोपंतांनी विश्वास ठेवला.

बावीस तारखेला शाळा सुटल्यावर मास्तर धावतच घरी आले. त्यांनी पिवळं धोतर नेसलं, तोंडाला हळद फासली आणि बेगडाचे किरण चिकटवलेलं सूप डोक्यामागे बांधलं. सूप बांधल्यावर त्यांना मान वळवता येईना, तेव्हा सूर्य मान वळवत नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. दत्तोपंतांनी गोणपाटाचा अंगरखा घातला होता. पाठीवर पोफळीच्या विऱ्या, म्हणजे वाळलेल्या पानांचे रुंद देठ, खवल्यांसारख्या शिवल्या होत्या, तोंडाला दोन सुपल्यांचा जबडा आणि मागे शेपटी म्हणून तक्क्या. आत खोलीत कालिंदी चंद्रकळा नेसत होती. लाह्यांचे दागिने तिने ओटीवर एका सुपलीत, तुळशीच्या पानांवर मांडून ठेवले होते.

मकराने परसातून सरपटत यायचं असं ठरलं होतं. मास्तरांच्या परसाच्या टोकाला सावित्रीचा काठ, आणि सावित्रीत मगरी आहेत हे महाडातल्या पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक. ते फक्त भूगोलाच्या मास्तरांच्या आणि पेन्शनर कारकुनाच्या ध्यानात आलं नाही. दत्तोपंत केळींमधून चार हात सरपटले असतील नसतील, त्यांच्या कमरेत उसण भरली. ते जिथल्या तिथे पालथे राहिले आणि कण्हू लागले.

नेमक्या त्याच वेळी कापडे गावचा भागोजी आला. हा मास्तरांच्या घरी दरवर्षी भात घालायचा. त्याने गाडी अंगणात सोडली, एक बैल तिथेच बांधला, दुसऱ्याला पाणी पाजायला परसातून नदीकडे निघाला आणि केळींत पडलेली मगर पाहून उभ्या जागी ओरडला. आळीतली माणसं काठ्या घेऊन धावली. भागोजीने सगळ्यांना मागे सारलं. तो मुंबईला गिरणीत चार वर्षं राहून आला होता आणि राणीच्या बागेत त्याने मगर पाहिली होती, त्यामुळे त्याचा अधिकार कुणी अमान्य केला नाही.

"पुढं जाऊ नका रे," तो म्हणाला. "ही पोट भरल्याली हाय. कशी कण्हतीय बघा. एखादं माणूस गिळलंय तिनं."

हे ऐकून दत्तोपंतांना धीर धरवेना. त्यांनी जबड्यातून, कचेरीतला सगळा भारदस्तपणा एकवटून, सांगितलं की ते सरकारी पेन्शनर आहेत आणि त्यांच्या अंगाला हात लावणाऱ्याला परिणाम भोगावे लागतील. त्याचा उलटा परिणाम झाला. भागोजीने दोन पावलं मागे घेतली.

"गिळल्यालं माणूस आतनं बोलतंय," तो म्हणाला. "अजून जित्तं हाय. शेपटी धरा, उलटी करू."

उलटी करण्यासाठी चौघांनी तक्क्या ओढला. तक्क्या हातात आला आणि मगर तशीच राहिली, तेव्हा कुठे गर्दीला शंका यायला लागली. तोवर हाकाटी चौकीपर्यंत गेली होती आणि मालोजी जमादार दोन शिपाई घेऊन परसात हजर झाले. मास्तर सूप सांभाळत ओटीवरून खाली उतरत होते. जमादारांनी आधी मगरीकडे पाहिलं, मग माणसांकडे आणि शेवटी पिवळ्या मास्तरांकडे.

"परवान्याबिगर एवढी माणसं? काय चाललंय हितं, मास्तर?"

मास्तरांची मती गुंग झाली. अशा वेळी माणसाला जे पाठ असतं तेवढंच तोंडातून निघतं, आणि मास्तरांनी सूर्याचं एक भाषण पाठ केलं होतं. ते म्हणाले, "आजवर काळोखाचं राज्य वाढत चाललं होतं. आजपासून ते उतरणीला लागलं."

जमादार जवळ आले. "राज्य कुणाचं म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पृथ्वीचा आस कसा कललेला असतो ते समजावायला सुरुवात केली. जमादारांनी शिपायाला सूप जप्त करायला सांगितलं. सूप मास्तरांच्या मानेला पक्कं बांधलेलं होतं, त्यामुळे सुपाबरोबर मास्तरही जप्त होण्याची पाळी आली. चाळीस पोरांपैकी निदान वीस पोरं कुंपणावर बसून हे पाहत होती. उद्या वर्गात मकरवृत्ताचं नाव काढायचं कसं, या विचाराने मास्तर हळदीखालीही लाल झाले.

तेवढ्यात ओटीवरून कालिंदीचा आवाज आला. ती मोठ्याने काही बोलली नव्हती, फक्त "अगबाई" म्हणाली होती. अंगणात बांधलेल्या बैलाने दावं ताणून ओटीवर तोंड घातलं होतं आणि सुपलीतला शेवटचा बाजूबंद तो शांतपणे चघळत होता. हार, बिंदी, पाटल्या, तुळशीची पानं, सगळं गेलं होतं. चंद्रकळा नेसलेली कालिंदी दारात उभी होती आणि तिच्या अंगावर काळ्या मण्यांशिवाय दागिना नव्हता. इतके महिने जी रडली नव्हती तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना जमादाराचं भय वाटेनासं झालं. आपण हिला हौस दाखवली आणि ती बैलाच्या तोंडी दिली, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

आणि दुर्दैव असं, की त्याच क्षणी रस्त्यावर सर्व्हिस मोटार थांबली आणि ठकूबाई खाली उतरल्या.

दत्तजयंतीला दोन दिवस असताना, काखेत गाठोडं घेऊन त्या सरळ आत आल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी जप्त होऊ घातलेला पुतण्या पाहिला, केळींत पडलेले दत्तोपंत पाहिले, बैल पाहिला, आणि दारातली चंद्रकळा सर्वांत शेवटी, जरा जास्त वेळ पाहिली.

"कमळ्या, हे काय?"

साऱ्या आळीसमोर, जमादारासमोर, कुंपणावरच्या वीस पोरांसमोर कमळ्या. मास्तरांनी घडवलेले सगळे मुद्दे, मकरवृत्त, पंचांग, दुखवटा, एकदम नाहीसे झाले.

"भूगोल, काकू," ते कसेबसे म्हणाले.

ठकूबाई जमादाराकडे वळल्या. या घरात वर्षाचं दुःख आहे, समाचाराला आला असाल तर बसा, चहा टाकते, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मालोजी जमादार नोकरीत बऱ्याच जणांना पुरून उरले होते, पण त्यांचीही एक काकू होती. त्यांनी सूप सोडलं, गर्दी पांगवली आणि जाता जाता शिपायाला सांगितलं की परसात मगर आल्याची वर्दी मिळाली, चौकशीअंती ती पेन्शनर निघाली, असं लिही. भागोजीने दत्तोपंतांना खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवलं. दत्तोपंत वाटभर त्याला आपला हुद्दा सांगत होते.

मग ओटीवर तिघंच उरली. मास्तर बोलणी खायला मान खाली घालणार होते, पण सूप अजून बांधलेलंच असल्याने त्यांना ती ताठच ठेवावी लागली. ठकूबाईंनी गाठोडं सोडलं. आतून पितळेचा डबा निघाला आणि डब्यातून मलमलीत गुंडाळलेले हलव्याचे दागिने. बिंदी, हार, बाजूबंद, पाटल्या. प्रत्येक दाण्याला काटा फुटलेला.

"माझ्या भावाच्या घरी दुखवटा नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे करता येत नाही, पण माहेरून आलं तर चालतं. म्हणून लवकर गेले. पुढच्या महिन्यात भावजय येऊन हिला घालणार होती. तर हा तीळ घ्यायला नेमका आमच्या भिंतीपाशी आला, पलीकडून आवाज ओळखला मी. म्हटलं, आता ह्याच्या हातून त्या पोरीची काय दशा होते ती जाऊन बघावी."

कालिंदीने डोळे पुसले. ठकूबाईंनी डबा तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः दोन हात मागे सरून भिंतीला टेकून बसल्या.

"आळीतली कुणी सवाष्ण बोलाव आणि घालून घे. माझा हात लागायला नको."

हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. किती दिवस निखाऱ्यापाशी बसून, एकेका तिळाला काटा आणून त्यांनी ते केलं होतं. घालायचा मात्र त्यांना अधिकार नव्हता, आणि त्यात त्यांना नवल वाटत नव्हतं. कालिंदी उठली नाही. तिने डबा उचलला आणि तो काकूंच्या मांडीवर ठेवला.

"काकू, आज संक्रांत नाहीच," ती म्हणाली. "पंचांग बघा हवं तर. हा भूगोल आहे. भूगोलात कुणीही घातलं तरी चालतं."

ठकूबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुतण्याला त्याच्या विद्येबद्दल विचारलं.

"खरं का रे?"

"खरं आहे, काकू," मास्तर म्हणाले. "पुस्तकात तसंच दिलंय."

बाहेर ऊन उतरलं होतं. ठकूबाईंनी दोन्ही हात पदराला पुसले, बिंदी उचलली आणि कालिंदीला जवळ ओढलं.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. कालिंदी मुळीच हलत नव्हती. हलत होते ते त्यांचेच हात.